कोर्टाने भेट दिली, पण व्हिसाचे काय?

बेळगाव, निपाणी, धारवाडकडच्या कितीतरी घरांतील मुली लग्न होऊन अमेरिकेला गेल्या. नवरा एच-१बी व्हिसावर नोकरीला आणि बायको एच-४ वर. हे एच-४ काय असते, ते सोयरीक जुळवताना सहसा कुणी विचारत नाही. पत्रिका मात्र तीन-तीनदा पाहतात! मुलीचा तिथे राहण्याचा हक्क तिचा स्वतःचा नसतो, तो नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. नुसते वेगळे राहू लागल्याने तो जात नाही, पण घटस्फोट मंजूर झाला की संपतो. त्याआधी स्वतःच्या नावावर दुसरा व्हिसा किंवा अन्य मार्ग मिळाला नाही, तर परतावे लागते. मूल तिथे जन्मलेले असेल तर ते अमेरिकन नागरिक. त्याला कुणी जा म्हणत नाही.

तिथले कोर्ट आईला वर्षातून अमुक आठवडे मुलाला भेटण्याची मुभा देते. पण तो कागद दाखवून अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. तिला पर्यटक व्हिसा मागावा लागतो आणि आपण परत येणारच, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. जिचे मूल तिकडे आहे आणि इकडे नोकरी नाही, तिने ते कसे पटवायचे? मुलाच्या नागरिकत्वाचा आधार घ्यावा, तर ते २१ वर्षांचे झाल्याशिवाय आईच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकत नाही.

मग काही आया, आणि काही बापही, दुसरी वाट धरतात. सुट्टीला म्हणून मुलाला घेऊन येतात आणि परत जात नाहीत. अज्जा-अज्जी नातवंडाला पोटाशी धरतात, घरचे म्हणतात, ‘आलीस ना, आता बघू.’ पण दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी मुलाला देशाबाहेर नेणे हा अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मारहाणीतून पळून आल्याचा बचाव त्यात आहे, पण तो सिद्ध करावा लागतो.

अशा मुलांना परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हावे असे सुचवले, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही निघाला. छळाला कंटाळून माहेरी आलेल्या बाईलाच त्याने अपहरणकर्ती ठरवले जाईल, ही भीती आड आली. मला ती भीती खोटी वाटत नाही. पण करार नाही म्हणून मूल आपल्याकडेच राहील, हा समजही खरा नव्हे. दुसरा पालक आपल्याकडे धारवाडच्या खंडपीठात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करू शकतो आणि निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो. १९८६ मध्ये बापाने मिशिगनहून पुण्याला आणलेला मुलगा सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन आईकडे परत दिला. २०१७ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाचा हुकूम हा विचारात घेण्याचा केवळ एक मुद्दा, मुलाचे हित त्याहून मोठे, असे म्हणून मुलीला भारतात आईजवळ ठेवले. २०२० मध्ये मात्र मुलीला अमेरिकेला परत नेण्याचा हुकूम कायम राहिला. ज्याच्याकडे मूल नाही त्या पालकाला एरवी रोज पाच-दहा मिनिटे तरी मुलाशी बोलता यावे, असेही त्या निकालात म्हटले आहे.

पासपोर्टाची गोष्ट तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. १६ वर्षांखालील मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नवा काढताना एरवी दोन्ही पालकांची संमती लागते. मूल बेळगावात आईजवळ असले, तरी एकटीच्या ताब्याचा हुकूम हाती नसेल तर बापाच्या सहीवाचून अडते.

म्हणून या गोष्टी घटस्फोटाच्या करारनाम्यातच याव्यात. पासपोर्ट कुणाकडे राहील, नव्यासाठी सही किती दिवसांत द्यायची, आईला व्हिसा नाकारला तर उन्हाळ्यात मुलाला इकडे कोण आणून सोडेल, तिकीट कुणाचे, फोनची वेळ कोणत्या घड्याळाने. इकडे शाळा सुटते तेव्हा तिकडे पहाट असते. घटस्फोटाचा वकील आणि व्हिसाचा वकील ही तिथे बहुधा दोन वेगळी माणसे असतात. सही करण्याआधी दोघांनाही कागद दाखवावेत.