ताळा जुळला का?

मुलांचा अभ्यास घेण्याचं काम बहुतेक घरांतून आईकडेच असतं, आणि तेही एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत! मूल वही पुढे करतं, "आई, बरोबर आहे का गं?" आपण पोळी लाटता लाटता नजर टाकतो आणि "बरोबर" किंवा "चूक" सांगून मोकळ्या होतो. मुलानं स्वतः मात्र काहीच तपासलेलं नसतं. परीक्षेला आई शेजारी थोडीच असते? म्हणून तिसरी-चौथीतल्या मुलांना गुणाकाराचा ताळा भागाकारानं पाहायची सवय लावावी. शाळेत अर्धवेळ शिकवताना मला याचा फार उपयोग झाला आहे.

सुरुवात वहीत नको, चिंचोक्यांनी करा. ६-६ चिंचोक्यांच्या ४ ओळी मांडा. मूल म्हणेल, सहा चोक चोवीस. आता सगळे चिंचोके एकत्र करून ४ वाट्यांत सारखे वाटायला सांगा. प्रत्येक वाटीत पुन्हा ६च! गुणाकारानं जे जमवलं तेच भागाकारानं वाटलं, हे डोळ्यांना दिसलं की निम्मं काम झालं. उलट क्रिया करत मागे जाण्याची ही रीत काही नवी नाही. भास्कराचार्यांच्या सन ११५० मधल्या 'लीलावती'तही ती दिलेली आहे.

मग वही घ्या. ४८ × ७ = ३३६. आता ३३६ ला ७ ने भागलं की ४८ येतात, बाकी ०. ताळा जुळला! समजा, मूल हातचे ५ मिळवायला विसरलं आणि त्यानं २८६ लिहिलं. २८६ ला ७ ने भागलं तर भागाकार ४० आणि बाकी ६. म्हणजे कुठंतरी चुकलं, हे आपण न सांगताच त्याला कळतं.

आता काही खाचाखोचा.

बाकी ० आली म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. तसं नाही. १०५ × ६ करताना मधलं शून्य विसरून मूल ९० लिहितं. ९० ÷ ६ = १५, बाकी ०. पण आपली संख्या होती १०५! बाकी ० हवी आणि भागाकारात मूळची संख्याही यायला हवी. दोन्ही पाहायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे खोटा ताळा. मुलं मोठी हुशार असतात बरं का! भागाकार न करताच वरची संख्या खाली उतरवतात आणि ताळा जुळला म्हणून सांगतात. त्यावर उपाय सोपा आहे. कागदाच्या चिठ्ठीवर फक्त ३३६ आणि ७ लिहा, ४८ लपवा आणि भागाकार भावंडाला किंवा शेजारच्या मैत्रिणीला करू द्या. कधी तुम्हीच मुद्दाम चुकीचा गुणाकार लिहून द्या. आईची चूक पकडायला मुलं कशी धावत येतात बघा!

तिसरी खोच सहजी लक्षात येत नाही. मुलाचा पाढाच चुकीचा पाठ असेल, सात आठे छप्पन्न ऐवजी तो चोपन्न म्हणत असेल, तर ४८ × ७ चे तो ३३४ करील. भागाकारातही तोच चुकीचा पाढा वापरील आणि ताळा बिनबोभाट जुळेल! म्हणून अधूनमधून वेगळ्या वाटेनं पाहावं. ५० साते ३५०, त्यातून २ साते १४ वजा, राहिले ३३६. तोंडी हिशोबाची ही सवय बाजारातही उपयोगी पडते.

काही घरांतून आजोबा नऊचा ताळा शिकवतात. अंकांची बेरीज करून तो झटकन पाहता येतो, पण ३३६ च्या जागी ३६३ लिहिलं तर तो फसतो, कारण दोन्हींच्या अंकांची बेरीज १२च. ३६३ ला ७ ने भागलं की ५१ येऊन ६ उरतात. भागाकारानं चूक लगेच उघडी पडते. शून्यानं गुणलेलं उदाहरण मात्र या रीतीनं तपासता येत नाही, कारण शून्यानं भागता येत नाही. चौकस मूल हे विचारतंच, तयार राहा.

ताळा जुळला नाही तर रागावू नका. चूक मुलानं स्वतः शोधली आहे, शाबासकी त्याचीच द्या. नाहीतर रागाच्या भीतीनं खोटे ताळे सुरू होतात. रोज १० गुणाकार नकोत. दोनच द्या, पण ताळ्यासकट!