विधानसभा आणि रोगप्रतिबंध : गोव्याच्या अनुभवातून

बालरोगतज्ज्ञाच्या कामाचा मोठा भाग औषधे लिहून देण्याचा नसतो, हे या स्मरणिकेच्या डॉक्टर वाचकांना नव्याने सांगायला नको. लस वेळेवर टोचून घ्यायला लावणे, आईच्या दुधाचे महत्त्व पटवणे, वजनाचा आलेख पाहून पालकांना वेळीच सावध करणे, ही सारी रोग होण्याआधीची कामे. परंतु पंचवीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायात एक गोष्ट मला वारंवार जाणवत आली आहे. माझ्या सल्ल्याची मजल घराच्या उंबरठ्यापर्यंतच असते. उंबरठ्याबाहेर बांधकामावर साचलेले पाणी, शाळेजवळच्या गाड्यावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा, बसथांब्यावर ओढल्या जाणाऱ्या विड्यांचा धूर यांवर माझ्या चिठ्ठीचा अंमल चालत नाही. तेथे अंमल चालतो तो कायद्याचा. आणि तो कायदा करणारी माणसे पर्वरीच्या सभागृहात बसतात.

'आरोग्याचे काम डॉक्टरांचे, त्यात आमदारांचा संबंध काय?' असा प्रश्न समाजातील अनेक सुशिक्षित मंडळी विचारतात. काही डॉक्टरही विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच राज्याच्या चाळीस वर्षांच्या अनुभवातून शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राज्याच्या हाती काय आहे?

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारांची वाटणी केलेली आहे. त्यातील राज्यसूचीच्या सहाव्या नोंदीत 'सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने' हा विषय आहे. म्हणजेच आरोग्य हा मुळात राज्याचा विषय होय. संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नयेत यासाठीची तरतूद आणि अन्नभेसळ हे विषय मात्र समवर्ती सूचीत आहेत. त्यांवर संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदे करता येतात. अनुच्छेद ४७ नुसार लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्यसंस्थेच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानलेले आहे.

आणखी एक वाट घटनेने ठेवली आहे. राज्यसूचीतील विषयावर संसदेने कायदा करावा, असे दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांना वाटले, तर अनुच्छेद २५२ नुसार तसे ठराव करून ती संसदेला अधिकार देऊ शकतात. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा याच वाटेने आला. त्यासाठी ठराव करणारी तीन राज्ये होती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. आज देशभर मूत्रपिंड व यकृताच्या प्रत्यारोपणाला जी कायदेशीर चौकट आहे, तिच्या पायाशी आपल्या चिमुकल्या राज्याच्या विधानसभेचा एक ठराव आहे, ही बाब किती गोमंतकीयांना ठाऊक असेल?

राज्यांनी आधी पाऊल टाकावे आणि देशाने मागून जावे, असेही घडले आहे. प्रसूतिपूर्व लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. संसदेचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ साली झाला.

मलेरिया आणि मुकादम

गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ साली झाला. त्याच सुमारास बांधकामांना ऊत आला आणि १९८६-८७ पासून पणजी व किनारपट्टीत मलेरियाने डोके वर काढले. शहरी मलेरिया पसरवणारा अॅनाफिलीस स्टीफेन्सी हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, सिमेंटवर पाणी मुरवण्यासाठी केलेली तळी या त्याच्या आवडीच्या जागा. मलेरियाचे परजीवी मात्र पुष्कळदा दूरच्या राज्यांतून आलेल्या मजुरांच्या रक्तातून येत. मजुराला ताप आला की तो दोन गोळ्या घेऊन कामावर उभा राही, आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर झोपणारे त्याचे मूल थंडीने कुडकुडत आमच्याकडे येई. अशा मुलांवर उपचार करणे सोपे होते. पण ती बरी होऊन त्याच टाकीशेजारी झोपायला परत जात.

ही साखळी इस्पितळात तुटणारी नव्हती. ती तोडण्यासाठी सार्वजनिक आरोग्य कायद्यात मजुरांच्या आरोग्यपत्रांची तरतूद झाली. मजुरांची रक्ततपासणी करवून घेणे आणि त्यांच्याकडे आरोग्यपत्र असल्याची खात्री करणे ही जबाबदारी ठेकेदारावर आली. बांधकामाच्या जागी डासांची पैदास होऊ न देणे हेही त्याचेच काम ठरले. तोवर आरोग्यसेवकाला बांधकामावर जाऊन विनवण्या कराव्या लागत. आता त्याच्या हाती अधिकार आला. गोव्यातील मलेरिया आज पुष्कळ ओसरला आहे. त्याचे श्रेय एकट्या कायद्याला देणे अन्यायाचे होईल. गप्पी माशांपासून नव्या निदानचाचण्यांपर्यंत अनेक उपायांचा त्यात वाटा आहे. परंतु या उपायांना बांधकामाचे फाटक उघडून देण्याचे काम कायद्याने केले, हे निश्चित.

तंबाखू : आदेश आणि कायदा यांतील फरक

तंबाखूच्या बाबतीत गोव्याचा इतिहास अभिमानास्पद आहे. कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. शरद वैद्य यांनी येथे तंबाखूविरोधी चळवळ उभारली. क्रिकेटसारख्या खेळांना सिगारेट कंपन्यांनी दिलेल्या प्रायोजकत्वाचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो १९९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १९९७ साली, गोवा विधानसभेने धूम्रपान व थुंकण्यास बंदी घालणारा कायदा केला. दिल्लीने १९९६ साली असा कायदा केला होता. देशव्यापी तंबाखू नियंत्रण कायदा आला तो २००३ साली. एका डॉक्टराच्या निरीक्षणाचे संशोधन झाले, संशोधनातून लोकमत घडले आणि लोकमतातून कायदा झाला. वैद्यक व्यवसायातील तरुणांनी हा प्रवास मुद्दाम अभ्यासावा.

गुटख्याची कथा त्याहून बोधप्रद आहे. महाराष्ट्राने २००२ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली प्रशासकीय आदेश काढून गुटख्यावर बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निर्णय दिला की, त्या कलमाखाली राज्याच्या अधिकाऱ्याला मिळालेला अधिकार स्थानिक व तात्पुरत्या आणीबाणीपुरता आहे; कायमच्या बंदीचा अधिकार केंद्राकडे आहे. हेतू निर्मळ होता, वैद्यकीय पुरावा भक्कम होता, तरीही आदेश टिकला नाही. कारण तो चुकीच्या कलमावर उभा होता. गोव्याने २००५ साली वेगळा मार्ग धरला. येथे विधानसभेने आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच दुरुस्ती करून गुटख्यावर बंदी आणली. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू व निकोटिन मिसळण्यास मनाई केली. त्या आधारे २०१२ साली प्रथम मध्य प्रदेशाने आणि मागोमाग इतर राज्यांनी बंदी घातली.

एवढे होऊनही गुटखा संपला का? पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी विकून गिऱ्हाइकाच्या तळहातावर त्यांचा संगम घडवण्याची युक्ती विक्रेत्यांनी शोधली. पौगंडावस्थेतील मुलांच्या तोंडात आजही आम्हाला त्याच्या खुणा दिसतात. कायदा झाल्यावरही सभागृहाने त्याच्याकडे पुनःपुन्हा वळून पाहावे लागते, ते यासाठी.

त्याच कायद्याचे दुसरे रूप

येथवर वाचून कुणाला वाटेल की, कायदे जितके अधिक, तितके आरोग्य उत्तम. तसे मुळीच नाही. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली प्रकरणे आढळली आणि सर्वत्र भीती पसरली. त्या भीतीच्या काळात गोव्याच्या याच सार्वजनिक आरोग्य कायद्यात एड्सच्या रुग्णांना विलग ठेवण्याचे कलम घालण्यात आले. १९८९ च्या फेब्रुवारीत पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला त्या कलमाखाली ताब्यात घेण्यात आले. तो नियमित रक्तदान करणारा होता. ६४ दिवस त्याला एकांतात ठेवले गेले. त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कलम वैध ठरवले. डॉमिनिकने उर्वरित आयुष्य एचआयव्हीग्रस्तांच्या हक्कांसाठी वेचले आणि १९९२ साली त्याचे निधन झाले.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर हे कलम निरुपयोगी होते. हा विषाणू एका खोलीत बसल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रुग्णाला कोंडल्याने समाज सुरक्षित होत नाही. उलट तपासणी म्हणजे कोठडी, अशी धास्ती बसली की लोक तपासणीच टाळतात आणि संसर्ग छुपेपणाने वाढतो. तपासणी टाळणाऱ्या गर्भवतीच्या बाळालाही त्याची किंमत मोजावी लागते, हे बालरोगतज्ज्ञाइतके कोण जाणणार? संसदेने २०१७ साली केलेला आणि सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही-एड्स कायदा नेमक्या उलट तत्त्वावर उभा आहे. तो संमतीशिवाय चाचणी व भेदभाव नाकारतो आणि गोपनीयता राखतो.

मजुराचे आरोग्यपत्र आणि डॉमिनिकची कोठडी, ही दोन्ही एकाच कायद्याची अपत्ये. पहिली तरतूद रोग ज्या वाटेने जातो ती वाट अडवते आणि रुग्णाला औषधापर्यंत आणते. दुसरीने रुग्णालाच अडवले आणि रोगाची वाट मोकळी राहिली. कोणतेही आरोग्यविषयक विधेयक समोर आले की, मी स्वतःला हाच प्रश्न विचारतो: याने रोग अडेल की रोगी? आरोग्यपत्रालाही ही कसोटी लागू आहेच. त्याचा उपयोग मजुराला हुसकून लावण्यासाठी झाला, तर तोही ताप लपवू लागेल.

कायद्याखेरीज आमदारांची आयुधे

विधेयक मांडणे हे आमदाराचे एकमेव काम नव्हे. तारांकित प्रश्न विचारला की, संबंधित खात्याला आकडेवारी गोळा करून मंत्र्यांमार्फत सभागृहात उत्तर द्यावे लागते. एखाद्या तालुक्यात गोवराची लस किती बालकांना मिळाली, हा साधा प्रश्नही खात्याला जागे करू शकतो. लक्षवेधी सूचना, खासगी सदस्याचा ठराव किंवा विधेयक, अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चा व कपात सूचना ही आयुधे विरोधी सदस्यालाही उपलब्ध असतात. मंजूर निधी कसा खर्च झाला हे लोकलेखा समिती तपासते. कायद्याखालील नियम झाले की नाहीत, याचा पाठपुरावाही सदस्यांना करता येतो. कीटकशास्त्रज्ञाचे पद रिकामे राहिले, तर मलेरियाचे कलम कागदावरच उरते. आणि ते पद भरण्याचा आग्रह अर्थसंकल्पाच्या चर्चेतच धरता येतो.

आपण काय करावे?

आम्ही डॉक्टर बहुधा विधेयक मंजूर झाल्यावर जागे होतो. राजस्थानातील आरोग्यहक्क विधेयकाचे उदाहरण ताजे आहे. ते सप्टेंबर २०२२ मध्ये मांडले गेले, प्रवर समितीकडे गेले आणि मार्च २०२३ मध्ये संमत झाले. त्या सुमारास खासगी डॉक्टरांचे आंदोलन शिगेला पोहोचले, रुग्णालये बंद राहिली आणि एप्रिलच्या आरंभी समेट झाला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण दरम्यान हाल झाले ते रुग्णांचे. शब्दांची घासाघीस रस्त्यावर करण्यापेक्षा समितीच्या टेबलाशी झालेली बरी.

गोव्यात विधानसभेचे सदस्य अवघे ४० आहेत. पेडण्यापासून काणकोणापर्यंत असा मतदारसंघ नाही, जिथे आपल्यापैकी कुणाची आमदारांशी ओळख नाही. ही ओळख बदलीच्या शिफारशीसाठी खर्च करण्याऐवजी रोगप्रतिबंधासाठी वापरावी. प्रत्येक अर्थसंकल्पीय अधिवेशनापूर्वी आपल्या संघटनेने एक पानाचे टिपण तयार करावे. त्यात तीनच मुद्दे असावेत: आपल्या भागात कोणता आजार वाढतो आहे, तो कोणत्या वाटेने पसरतो, आणि त्या वाटेवर कोणते कलम, कोणते पद किंवा किती निधी कमी पडतो आहे. मराठीत, कोकणीत, आमदारांना समजेल अशा भाषेत ते लिहावे. डॉक्टर नसलेल्या वाचकांनीही मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता आणि नळ यांच्या जोडीने शाळेजवळची तंबाखूविक्री आणि आरोग्यकेंद्रातील रिकाम्या जागा यांविषयी विचारावे.

यंदाच्या टिपणात शाळांभोवतीच्या जोडपुड्यांचा प्रश्न पहिला घ्यावा, अशी माझी सूचना आहे. ते लिहिण्यासाठी मी माझा वेळ देण्यास तयार आहे. आणखी चार-पाच सहकाऱ्यांनी नावे नोंदवली, तर पुढील अधिवेशनापूर्वी ते चाळीसही सदस्यांच्या हाती पोहोचवता येईल.