किती तांब्यांत निघतं?

भाचा परवा तीन डब्या घेऊन घरी आला. एक पत्र्याची चपटी, दोन प्लास्टिकच्या. लग्नाच्या रिसेप्शनला केस मागे बसवायचेत, अगदी चापून, एक बटही हलता कामा नये, अशी त्याची अट. ‘मामा, यातलं कुठलं लावू?’ मी डबी न उघडताच विचारलं, ‘तुमच्या मजल्यावर पाणी किती वाजता चढतं?’

त्याला वाटलं, मामा विषय बदलतोय. तो लल्लूभाई कंपाउंडमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, मी मानखुर्दच्याच जुन्या चाळीत वाढलो. आमच्याकडे डोक्याला काय लावायचं हा प्रश्न कधी एकटा आलाच नाही. ते उतरवायला किती तांबे पाणी जाणार, हा प्रश्न त्याच्या मागोमाग यायचाच. गेल्या चाळीस वर्षांत डबी बदलली, सलून बदललं, सिनेमातला हिरो बदलला. तांब्यांचा हिशेब तेवढा राहिला.

ऐंशीच्या दशकापासून सुरू करतो, कारण त्याआधीचं मला आठवत नाही.

आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, केस मागे वळवलेले असत. भांग नाही, कोंबडा नाही. खोबरेल तळहातावर घ्यायचं, दोन्ही हात चोळायचे, कपाळापासून मानेपर्यंत एकदा फिरवायचे आणि वर कंगवा. आरशाच्या शेजारी बाबासाहेबांची तसबीर होती: कोट, टाय आणि मागे फिरवलेले केस. आप्पा त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, पण केस विंचरताना त्यांची नजर आधी तसबिरीकडे जायची, मग आरशाकडे. ‘स्लिक बॅक’ हा शब्द आमच्या गल्लीत यायला अजून पंचवीसतीस वर्षं होती. तोवर त्याला ‘साहेबासारखे केस’ म्हणत.

खोबरेलाची धरून ठेवण्याची ताकद म्हणाल, तर ती जेमतेम कुर्ल्यापर्यंत. घाम आला की तेल कपाळावर उतरायचं, तिथून कॉलरवर. डिसेंबरच्या एखाद्या गार सकाळी तर बाटलीतून थेंब पडत नसे, कारण खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. मग बाटली स्टोव्हजवळ ठेवायची आणि आईची बोलणी खायची. बाटली प्लास्टिकची, निळी. पूर्वी खोबरेल पत्र्याच्या डब्यात येई. ते प्लास्टिकमध्ये भरायचं म्हटल्यावर दुकानदार उंदरांच्या भीतीने तयार होईनात, म्हणून कंपनीने उंदरांच्या दाताला कोपरा मिळू नये अशी गोल बाटली काढली, हा किस्सा मॅरिकोच्या हर्ष मारीवालांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. आमच्या चाळीतल्या उंदरांना मात्र गोल-चौकोन असा भेदभाव नव्हता.

तेव्हा एक गोष्ट घरोघरी दिसायची. पुरुष भिंतीला टेकून जिथे पेपर वाचत, तिथे डोक्याच्या उंचीवर एक गोल तेलकट डाग. दिवाळीला चुना मारला की डाग जायचा, संक्रांतीपर्यंत परत यायचा. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात पुरुष मॅकासार तेल लावत, तेव्हा तिकडच्या बायकांनी याच डागाला कंटाळून खुर्चीच्या पाठीवर कापडाचा तुकडा टाकायला सुरुवात केली. त्या तुकड्याचं नावच ‘अँटिमॅकासार’ पडलं. रेल्वेच्या आरामखुर्चीवर डोक्यामागे जो पांढरा फडका असतो, तो त्याचाच वंशज. माझ्या आईने भिंतीला जुनी उशीची खोळ खिळ्याने ठोकली होती. शोध तोच, फक्त नाव नव्हतं.

शेजारच्या खोलीतले काका मात्र वेगळे. त्यांच्याकडे ब्रिलक्रीम होतं. पांढऱ्या क्रीमची ती बाटली कपाटात, कुलपात. लग्न, नामकरण, इंटरव्ह्यू एवढ्यालाच बाहेर यायची. आम्हा पोरांना तिचा फक्त वास माहीत. एकदा काकांनी बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं क्रीम घेऊन माझ्या डोक्याला लावलं आणि केस असे काही बसले की दिवसभर मी मानच हलवली नाही.

हे क्रीम 1928 साली इंग्लंडात, बर्मिंगहॅममध्ये तयार झालं. खनिज तेल आणि पाणी एकत्र घोटून मधमाशीच्या मेणाने बांधलेलं. पाणी उडून जातं, तेल-मेणाचा थर केसांवर राहतो आणि केस ओले असल्यासारखे चमकतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातल्या वैमानिकांना ‘ब्रिलक्रीम बॉइज’ म्हणत, त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त. नंतर क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन जाहिरातीत झळकला आणि आपल्याकडे फारुख इंजिनिअर. दादरच्या पारशी कॉलनीतला हा यष्टिरक्षक म्हणजे जाहिरातीत केस विंचरणारा पहिला मोठा भारतीय क्रिकेटपटू म्हणा ना. काकांचा तर ठाम दावा होता की 1967 साली मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच दिवशी जेवणाआधी इंजिनिअरने 94 धावा केल्या, त्या केस जागचे हलत नव्हते म्हणून.

पण काका ती बाटली जपून वापरत त्याचं खरं कारण किंमत नव्हे. खनिज तेल पाण्याला दाद देत नाही. आमच्याकडे पहाटे तासभर नळ, तोही करंगळीएवढ्या धारेचा. खोबरेल शिकेकाईने रविवारी निघायचं. ब्रिलक्रीम निघायला दोनदा साबण आणि पाच-सहा तांबे. ‘तुमच्या साहेबी केसांत माझी भांडी घासून झाली असती,’ असं काकू म्हणायच्या, आणि ते खरंच होतं.

मे 1992 मध्ये हार्बर लाइन खाडी ओलांडून वाशीला गेली. इतिहासात याची नोंद नवी मुंबईच्या खात्यावर आहे. आमच्या खात्यावर ती अशी: तोवर मानखुर्द शेवटचं स्टेशन होतं. गाडी रिकामी लागायची, आप्पा खिडकी पकडायचे आणि व्हीटीला उतरताना केस घरच्यासारखेच असायचे. वाशीहून गाडी भरून यायला लागली तशी खिडकी गेली, दाराचा दांडा हातात आला. दारात उभं राहिलं की केसांचं जे व्हायचं ते व्हायचंच. खोबरेलाने मागे वळवलेले केस गोवंडी येईपर्यंत उभे राहत. माझ्या पिढीने डब्यांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली ती फॅशनपेक्षा या वाऱ्यामुळे, असं माझं मत आहे. कोणी हसलं तरी मी ते बदलणार नाही.

मग जेल आलं. पारदर्शक, निळसर, ट्यूबमध्ये. जेल म्हणजे पाण्यात विरघळवलेलं पॉलिमर. पाणी वाळलं की केसाभोवती पातळ पापुद्रा तयार होतो आणि केस काडीसारखे ताठ. त्यातली खरी क्रांती ताठपणाची नव्हती. ते एका तांब्यात निघायचं! साबण नको, शिकेकाई नको. काकूंनीसुद्धा पसंती दिली.

माझी फजिती मात्र तिथेच व्हायची होती. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक स्वस्त जेल घेतलं, नाव सांगत नाही. केस छान मागे बसवले. दादरला गाडी बदलताना सवयीने खिशातला कंगवा काढला आणि फिरवला. वाळलेला पापुद्रा मोडला आणि काळ्या कोटाच्या खांद्यावर पांढरा कोंडा सांडला. मुलाखत घेणारे गृहस्थ माझ्याशी बोलत होते, पण माझ्या खांद्यांशी. नोकरी मिळाली नाही. जेल लावल्यावर कंगवा घरी ठेवायचा असतो, हे ट्यूबवर लिहिलेलं नव्हतं. पावसाळ्यात उलटं व्हायचं. हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली की तोच पापुद्रा ओलावा पिऊन मऊ पडतो, चिकट होतो आणि कपाळावर ओघळतो.

2001 मध्ये ‘दिल चाहता है’ आला आणि पोरांनी केस आखूड करून टोकं उभी केली. 2003 मध्ये ‘तेरे नाम’ आला आणि तीच पोरं मधोमध भांग पाडून केस डोळ्यांवर घेऊ लागली. मागे वळवलेल्या केसांना त्या दशकात विचारणारं कोणी नव्हतं, आप्पांसारखे निवृत्तीला आलेले सोडले तर. त्या काळाबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही.

त्याच 2003 साली मुंबईत एक संशोधन झालं ते मात्र सांगण्यासारखं. आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिलं. केसातलं प्रथिन वाचवायला एकटं खोबरेल उपयोगी पडलं. ते केसाच्या आत मुरतं, खनिज तेल वरच राहतं. दोघेही मॅरिकोचे, म्हणजे खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचे, हे ध्यानात ठेवून वाचावं. पण निष्कर्ष पुढेही टिकला. आणि गंमत पाहा, 2012 मध्ये त्याच मॅरिकोने सेट वेट हा जेलचा ब्रँड घेतला. आप्पांची बाटली आणि माझी ट्यूब एकाच घरात नांदायला लागली.

2015 च्या आसपास आमच्या स्टेशनजवळच्या सलूनची पाटी बदलली. खुर्च्या फिरत्या झाल्या, तुरटी गेली, भिंतीवर दाढीवाल्या गोऱ्या माणसांचे फोटो आले. बाजू मशीनने शून्यावर, वर केस लांब, तेवढेच मागे वळवलेले. पोरं याला ‘अंडरकट’, ‘फेड’ म्हणत. ‘केजीएफ’ आला 2018 मध्ये, तेव्हा दाढीही जोडली गेली. आता जेल कमीपणाचं ठरलं. वॅक्स हवं, क्ले हवं, पोमेड हवं. जपानी गॅट्सबीच्या रंगीबेरंगी डब्या फळीवर ओळीने मांडलेल्या.

वॅक्स वाळत नाही, म्हणून दिवसात कितीदाही कंगवा फिरवा. हा त्याचा मोठा गुण, आणि लोकलवाल्याला त्याची किंमत कळते. दोष असा की न वाळणाऱ्या चिकट वस्तूवर सायन-पनवेल रस्त्याची धूळ बसते. संध्याकाळी बोटं फिरवली की काळी. शिवाय तेलकट पोमेड कपाळावर उतरलं की केसांच्या रेषेलगत पुळ्या येतात, त्वचेच्या डॉक्टरांनी त्याला ‘पोमेड ॲक्ने’ असं नावच ठेवलंय.

आमचे सलूनवाले चाचा उत्तर प्रदेशातले, तीस वर्षं इथेच. त्यांनी शिकवलेली रीत मी आजही पाळतो. केस टॉवेलने टिपायचे, कोरडे करायचे नाहीत. हरभऱ्याएवढं वॅक्स तळहातावर घेऊन ते दिसेनासं होईपर्यंत चोळायचं. आधी मागच्या बाजूला लावायचं, पुढे शेवटी. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, सगळा गोळा कपाळावरच थापतो. मग रुंद दातांचा कंगवा, आणि वरून तळहाताने एकदा दाबायचं. ‘बाल को मनाना पडता है,’ चाचा म्हणतात.

2020 मध्ये कोरोनामुळे मार्चपासून सलून बंद. राज्य सरकारने 28 जूनपासून परवानगी दिली ती केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती, दाढी नाही. त्या तीन महिन्यांत अख्ख्या गल्लीचे केस कानांवर आले आणि जो तो ते मागे ढकलू लागला. विकतच्या डब्या संपल्या होत्या. लोकांनी लावलं काय? खोबरेल. आप्पा त्या वेळी नव्हते, पण माझ्या आरशात ते तेव्हा रोज सकाळी दिसत.

तर भाच्याच्या तीन डब्या. मी प्रत्येक उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे असते. एकीत सुरुवातीलाच पेट्रोलेटम, म्हणजे आपलं व्हॅसलीन. ती बाजूला ठेवली. दुसरी क्ले, सुकी, चमक नसलेली. ती केस विस्कटलेले दाखवायला चांगली, चापून बसवायला नाही. तिसरीत पहिलं नाव पाणी होतं. ती त्याच्या हातात दिली.

त्याला पहिलीच आवडली होती, डबी पत्र्याची म्हणून. मग हट्टच असेल तर एक उपाय सांगितला. रिसेप्शनहून आलास की डोक्यावर थेट पाणी ओतू नकोस. कोरड्या केसांना भरपूर खोबरेल चोळ, दहा मिनिटं थांब, जुन्या फडक्याने पूस. तेलात तेल विरघळतं. उरलेलं शाम्पूने काढ, तीन तांब्यांत काम होईल.

तुम्हीही दुकानात डबीचा वास घेण्याआधी ती उलटी करून पाहा. आणि भाच्याचं पाणी पहाटे पाचला चढतं, पाऊण तास.