झाडावरची शस्त्रक्रिया

झाडाला डॉक्टर असतो असे सांगितले की आपल्याकडे ऐकणारा हसतो. वास्तविक ही कल्पना आपल्याला परकी नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या सहाव्या शतकातील ग्रंथात वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. आजारी झाडाची पाने पांढुरकी पडतात, पालवी वाढत नाही, फांद्या वाळतात, रस गळू लागतो, अशी लक्षणे त्यात दिली आहेत. उपचारात पहिले स्थान हत्याराला आहे. आधी शस्त्राने रोगट भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे. दुधातुपाचे सोडून देऊ. ते माणसालाच पुरत नाही. पण 'आधी शस्त्र' हा क्रम आजही बदललेला नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात 'वृक्षशल्यचिकित्सक' अशी पाटी सहसा दिसणार नाही. काम मात्र बारमाही चालू असते. चिंचा झोडपायला चढणारा, मोहोळ काढणारा, शेळ्यांसाठी पाला तोडणारा, पावसाळ्याच्या तोंडावर वीजतारांखालच्या फांद्या छाटणारा, बांधावरचे झाड विकत घेऊन पाडणारा, हे सगळे झाडावर हत्यार चालवतात. त्यांच्याजवळ विद्या आहे. चिंचेची फांदी वाकते पण तुटत नाही, शेवग्याची काडकन मोडते, हे त्यांना पायाने कळते. कुऱ्हाडीचा तुंबा बुंध्यावर ठोकून आवाजावरून ते पोकळी ओळखतात. बुंध्याशी अळंबी उगवली असेल तर मुळे कुजत आहेत, अशा झाडावर चढायचे नाही, हेही जुना माणूस नव्याला सांगतो. पण फांदी खाली आली की त्यांचे काम संपते. पुढे त्या जखमेचे काय होते हे पाहायला कोणी परत येत नाही. उलट ज्याने हे पुस्तकात वाचले आहे, तो कधी झाडावर चढलेला नसतो!

जखमेचे काय होते, याचा छडा अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने लावला. त्यापूर्वी लाकूड आडवे कापून पाहत असत. शायगोने साखळी-करवतीने हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि 1977 साली आपला सिद्धान्त मांडला. माणसाची जखम भरते, म्हणजे नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात. झाडाला तसे करता येत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. या भिंतींत सर्वांत कच्ची असते ती वर-खाली जाणारा मार्ग अडवणारी, म्हणून कुज खोडात उभी पसरते. सर्वांत पक्की असते ती जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाच्या सीमेवरची.

यावरून कापायचे कोठे, ते ठरते. फांदी खोडातून निघते तेथे एक फुगीर वळी असते. बुरशीला अडवण्याची झाडाची मुख्य तयारी या वळीतच असते. आपल्याकडे दोन पद्धती रूढ आहेत व दोन्ही घातक आहेत. एक, खोडालगत सफाचट कापणे. त्यात वळीच कापली जाते आणि जखमही मोठी होते. दुसरी, हातभर खुंट ठेवणे. तो वाळतो, कुजतो आणि झाडाला वरून नवे लाकूड चढवता येत नाही. कापायचे ते वळीला धक्का न लावता, अगदी तिच्या बाहेरून. जड फांदी एका घावात कापू नये. वळीपासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी आणि उरलेला खुंट शेवटी काढावा. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते.

लेपाबद्दल आपल्याकडे फार श्रद्धा आहे. जखमेवर डांबर फासल्याने कुज थांबत नाही, हे शायगोच्या प्रयोगांत दिसले. फळबागेत मात्र बोर्डो पेस्टची शिफारस होते आणि आंब्याच्या किंवा मोसंबीच्या झाडाला ती लावायला माझी हरकत नाही. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. भांडे लोखंडी नको. तयार मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. पण चुकीच्या जागी घेतलेला काप कोणत्याही लेपाने सुधारत नाही.

ढोलीत सिमेंट भरण्याचेही तसेच. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ही मोठी विद्या समजली जाई. आता ती सोडून दिली आहे. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही. कडा घासतात व फटीत पाणी मुरते. शिवाय पोकळ झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे, कारण जिवंत लाकूड बाहेरच्या अंगाला असते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशी लागल्यामुळे 1925 साली काढून टाकावे लागले, तरी तो वड पारंब्यांवर आजही उभा आहे. आपल्याबरोबर पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या महबूबनगर येथील 'पिल्ललमर्री' वडाला वाळवी लागली, तेव्हा 2018 साली सलाईनच्या बाटल्यांतून थेंबथेंब औषध दिले गेले. वर्तमानपत्रांत बाटल्यांचे फोटो गाजले. पण वजनदार फांद्यांना खालून टेकू देण्याचे कामही तेथे झाले, आणि माझ्या मते आपल्या गावोगावच्या पारांवरील वडांना शिकण्यासारखे ते आहे. तेवढे तर कोणत्याही गावाला जमेल.

चढणाऱ्याच्या जिवाचेही बोलले पाहिजे. ओली फांदी वीज वाहून नेते. तारेला ती टेकलेली असेल तर प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय हात लावू नये. कमरेचा दोर जिवंत, जाड फांदीलाच बांधावा, आणि खालच्या माणसाने फांदीखाली उभे राहू नये. कायद्याचे म्हणाल तर, 1975 च्या वृक्ष-संरक्षण अधिनियमानुसार हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा नगरपरिषद-हद्दीत झाड तोडण्यापूर्वी परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा-वृक्ष म्हणून जास्त संरक्षण दिले आहे.

आता हे ज्ञान कुऱ्हाडवाल्यापर्यंत जायचे कसे? व्याख्यानाने जाणार नाही. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, आपल्याकडे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि छाटणी करणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. या तिघांना एका कडुनिंबाखाली आणावे. एक फांदी नेहमीप्रमाणे सफाचट कापावी, दुसरी वळीच्या बाहेरून. त्याच वेळी चढणाऱ्यांकडून मुलांनी दोराच्या गाठी आणि लाकडाचे स्वभाव शिकून घ्यावेत. दोन पावसाळे गेल्यावर पुन्हा तेथेच जमावे. नीट कापलेल्या जागी नव्या सालीचे कडे चारी बाजूंनी गोल फिरलेले दिसेल. सफाचट कापलेल्या जागी ते फक्त दोन बाजूंना धरलेले असेल आणि वर-खाली उघडे लाकूड राहिलेले असेल. तोवर ज्यांना धीर नसेल त्यांनी लाकडाच्या वखारीत जावे आणि जुना काप असलेला एखादा ओंडका उभा चिरून मागावा.