उज्जैनचे घड्याळ डोंबिवलीत चालेल का?

उज्जैनच्या वेधशाळेतले सम्राट यंत्र पाहून आलेले आमचे डोंबिवलीकर हमखास एक तक्रार करतात. "यंत्र छान आहे हो, पण जवळजवळ अर्धा तास मागे आहे!" मी त्यांना सांगतो, ते मागे नाही. ते उज्जैनची वेळ दाखवते, तुमच्या मनगटावरचे घड्याळ साऱ्या देशाची.

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ही वेधशाळा उभारली. पुढे तिची पडझड झाली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले.

सम्राट यंत्र म्हणजे मधोमध जिन्याची त्रिकोणी भिंत आणि दोन्ही अंगांना पाव वर्तुळाच्या पट्ट्या. भिंतीची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली, म्हणजेच पृथ्वीच्या आसाला समांतर असते. त्यामुळे सावली दर तासाला बरोबर १५ अंश सरकते. सकाळी पश्चिमेच्या पट्टीवर, दुपारनंतर पूर्वेच्या. खरी गोम कडेच्या चढात आहे. हा चढ त्या गावच्या अक्षांशाइतकाच हवा. उज्जैनला तो २३ अंश १० कला आहे, जयपूरला सुमारे २७ अंश. ठाणे, कल्याण, डोंबिवलीला सुमारे सव्वाएकोणीस अंश लागेल. उज्जैनचे यंत्र जसेच्या तसे इथे आणून बसवले, तर त्याची कड ध्रुवाला चुकेल आणि सावली भलतीच वेळ सांगेल.

आता राहिला मिनिटांचा हिशेब. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण त्र्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे आपला सूर्य ३८ मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तोवर गावोगावच्या वेळा वेगळ्या असल्या तरी कुणाचे अडत नव्हते. वेळापत्रकाला मात्र एकच वेळ लागते. १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही!

शिवाय सूर्यही वर्षभर एका चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला डोंबिवलीची खरी माध्यान्ह १२ वाजून ५२ मिनिटांनी होते, नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २२ मिनिटांनीच.

पडताळा घ्यायचाय? १६ मेच्या सुमारास, १२ वाजून ३४ मिनिटांनी, गच्चीवर ओळंब्यात काठी उभी धरा. तिची सावली पायाशीच गुडूप होईल. २७ जुलैच्या आसपासही हे घडते, पण तेव्हा आपल्याकडे ऊन कुठले!