वादळानंतरची वेधशाळा (लेखांक ७) : कोरडं फडकं

या रविवारी वेधशाळेच्या सरकत्या छपराचे रूळ आणि चाकं यांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. वादळात पोफळींत जाऊन पडलेलं ते छप्पर उतरवून खळ्यात आणून ठेवलंय, ते आणखी आठवडाभर तिथे पडून राहिल्याने त्याचं काही बिघडत नाही. मधल्या काळात श्रीवर्धनकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलंय, आणि त्यांचं काम तातडीचं आहे.

शाळेची आठ इंची न्यूटनी दुर्बीण. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा प्रयोगशाळेचे पत्रे उडाले, दुर्बीण आडवी झाली, नळीत पाणी शिरलं. कुणीतरी आरसा काढला, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. मग वीज नाही, शाळा बंद, करोनामुळे कुणाचं येणंजाणं नाही. ऑगस्ट संपताना कपाट उघडलं तर आरशावर पांढरट ठिपके, मधे धुरकट पट्टा आणि एका कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. बाई विचारतात, मऊ फडक्याने हळूच पुसून घेऊ, की आरसा गेला असं समजू?

बाई, यांतलं काहीच करू नका.

वादळानंतर अलिबागपासून दिवेआगरपर्यंतच्या हौशी मंडळींचे जे आरसे माझ्या हाताखालून गेले, त्यांत वाऱ्याने फुटलेला एकही नव्हता. आठ इंची आरसा म्हणजे दोन-अडीच किलोची जाड काच. नळी आपटली तरी ती सहसा तग धरते. बिघडलेले आरसे बहुतेक सगळे पुसून बिघडलेले होते. एका काकांनी तर धुवट मलमलीचं धोतर फाडून त्याचा बोळा केला आणि देवाची भांडी घासावीत तितक्या श्रद्धेने आरसा घासला. आरसा लखलखला. रात्री चंद्राकडे लावला तेव्हा चंद्राभोवती दुधाळ खळं, आणि ते आकाशात नव्हतं.

कारण साधं आहे. आपल्या घरच्या आरशात चमक काचेच्या मागे असते, समोरून पुसलं की आपण काचच पुसतो. दुर्बिणीच्या आरशात चमक पुढच्या अंगाला असते. काचेवर ॲल्युमिनियमचा मुलामा, त्याची जाडी मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग. बऱ्याच आरशांवर त्याच्यावर सिलिकाचं आणखी एक पातळ कवच असतं, एवढाच काय तो आधार. वादळी वाऱ्याने आरशावर काय आणून टाकलं? किनाऱ्यावरची वाळू. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोह्सच्या मापावर सात, काचेचा साडेपाचच्या आसपास, आणि ॲल्युमिनियम तर तीनाच्याही खाली. फडकं कितीही मऊ असलं तरी ते फक्त धरायचं काम करतं. ओरखडे काढतो तो त्यात अडकलेला कण.

दुसरा पाहुणा मीठ. वादळानंतर आमच्या चौलच्या वाडीत झाडांची समुद्राकडची पानं करपून तपकिरी झाली होती, ते तुम्हीही पाहिलं असेल. तेच खारं तुषारपाणी आरशावर बसलेलं असतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली फारशी उतरतच नाही. म्हणजे मिठाचा प्रत्येक कण चार महिने खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन मुलाम्यावर बसून राहतो. ॲल्युमिनियम स्वतःभोवती ऑक्साइडचा पातळ थर चढवून एरवी आपला बचाव करून घेतं, पण क्लोराइड नेमका तोच थर जागोजागी पोखरतो. बाईंचे पांढरट ठिपके त्यातलेच असावेत. त्यात ओला आरसा टॉवेलात बांधून ठेवलेला, म्हणजे बुरशीलाही आवतण. कडेचं जाळं तिचं.

तरीही आरसा गेला असं का म्हणत नाही? इथे जरा आडवळण घेतो, हा माझा आवडता विषय आहे.

न्यूटनने १६६८ साली पहिली आरशाची दुर्बीण केली तेव्हा आरसा धातूचा होता. तांबं आणि कथील यांचं पांढरट मिश्रण. विल्यम हर्शलने आयुष्यभर तेच ओतलं, घासलं, चकाकवलं. पण हा धातू काळवंडतो, आणि काळवंडला की पुन्हा घोटावा लागतो, आणि घोटला की त्याचा वक्र बिघडतो. म्हणजे डाग काढायचा तर आरसा नव्याने घडवायचा. हर्शलने आपल्या चाळीस फुटी दुर्बिणीसाठी दोन आरसे करून ठेवले होते ते याचसाठी, एक घासायला काढला की दुसरा चढवायला.

१८५७च्या सुमारास पॅरिसमध्ये फूकोने काचेच्या आरशावर चांदी चढवली. जर्मनीत श्टाइनहाइलनेही त्याच सुमारास तेच केलं. माझ्या मते दुर्बिणीच्या इतिहासात याहून मोठी सोय झालेली नाही. वक्र आता काचेत राहिला आणि चमक वरून चढवलेली. चांदी काळी पडली की रसायनाने धुऊन टाका, नवी चढवा, काचेला धक्का नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली, तिथली वीस इंची दुर्बीणही चांदीच्या आरशाचीच. त्या काळी देशातली ती सर्वांत मोठी. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

चांदीचं दुखणं मात्र होतंच. काही महिन्यांत ती मंदावते. १९३०च्या दशकात कॅल्टेकमधल्या जॉन स्ट्राँगने निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती आरशावर बसवायची रीत पक्की केली. १९३५ साली माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची आरशालाही हाच मुलामा चढला. या स्ट्राँगची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पालोमार वेधशाळेच्या दोनशे इंची आरशावर मुलामा चढवायचा होता. काच इतकी स्वच्छ हवी की बोटाचा ठसाही चालणार नाही. या गृहस्थाने काय आणावं? बाजारात मिळणारं केसांना लावायचं तेल, वाइल्डरूट क्रीम ऑइल! त्याचं म्हणणं, काच नीट स्वच्छ करायची तर आधी ती नीट मळवली पाहिजे. त्या तेलातल्या स्निग्ध पदार्थाने काचेवरचा हट्टी मळ सुटायचा, तेल घासून काढायचं, आणि उरलेला अगदी पातळ थर निर्वात पेटीत विजेच्या विसर्गाने जाळायचा. पालोमारवाल्यांचे चेहरे काय झाले असतील याची कल्पना करा. (घरात खोबरेल आहे म्हणून कुणी प्रयोग करू नये. आपल्याकडे निर्वात पेटी नाही.)

तर बाई, तुमच्या आरशाचा खरा जीव काचेत आहे. तिचा वक्र प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्शापर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजायच्या बारकाईने घडवलेला असतो, आणि मिठाने त्याला हात लावलेला नाही. वाईटात वाईट झालं तर मुलामा नवा चढवावा लागेल. मोठ्या वेधशाळा हे नेमाने करतात. दर दीड-दोन वर्षांनी आरसा उतरवून नवा मुलामा. तमिळनाडूत कावलूरला २.३४ मीटरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीसाठी वेधशाळेच्या आवारातच त्याची यंत्रणा आहे.

आता धुण्याचं. नळीतून आरसा पूर्वीच निघालाय, ते बरं झालं. हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात तळाला जुनी चादर दुमडून घाला, आरसा तिच्यावर तिरका टेकवा आणि तांब्याने नुसतं पाणी ओतत राहा. भरपूर ओता. वाळू, मीठ, धूळ यांतलं बहुतेक इथेच निघून जातं, आणि हात लावायच्या आत ते गेलंच पाहिजे. पाणी कोमट किंवा घरातल्या हवेइतकं, गरम नको. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी वादळानंतर मचूळ झालं असेल तर ते वापरू नका, तेच मीठ परत घालाल. झड लागून दोन दिवस झाल्यावर उघड्यावर भांडं मांडून धरलेलं पावसाचं पाणी चालतं. पत्र्याची पन्हळ मात्र टाळा.

मग टबात आरसा बुडेल एवढं पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचे दोन-चार थेंब. पावडर, राख, लिंबू, सोडा, काचा पुसायचा निळा फवारा, काही नको. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. अर्धा तास तसंच राहू द्या. जाळं सैल होतं. मग औषधांच्या दुकानात मिळतो तो शुद्ध कापूस घ्या, त्याचा बोळा पाण्याखालीच आरशावर ठेवा आणि एकाच दिशेला ओढत न्या. दाब द्यायचा नाही, कापसाचं स्वतःचं वजन पुरे. एका फेरीत एक बोळा, मग फेकून द्यायचा. लोक इथे कंजूषपणा करतात. पाच रुपयांचा कापूस वाचवायला जाऊन मुलाम्यावर रेघ ओढून घेतात.

तरी ठिपका निघाला नाही तर? नाही निघाला तर नाही. त्याच्या मागे लागू नका. तिथला मुलामा खरोखर गेलेला असेल, तर घासून परत येणार नाही.

शेवटची धुलाई बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने. इन्व्हर्टरवाल्याकडे कॅन मिळतो. नळाचं पाणी वाळलं की चुन्याचे डाग सोडतं, हे सोडत नाही. आरसा जवळजवळ उभा, कडेवर टेकवून ठेवा. पाणी आपोआप निथळतं. दोन-चार थेंब अडून बसतील, त्यांना टिश्यूचा कोपरा नुसता टेकवायचा. पंखा लावा, पण हवेत धूळ उडणार नाही असा. पुरता वाळल्याशिवाय कसल्याही पिशवीत बांधू नका. बांधायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, आणि जेलचा निळा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा निळा करून घ्या.

आता हिशेब, कारण बाई विज्ञान शिकवतात आणि मुलांकडून हा करून घेता येईल. आरसा २०० मिलिमीटरचा. समजा एक ठिपका मसुराएवढा, ५ मिलिमीटरचा. क्षेत्रफळाचं गुणोत्तर व्यासाच्या वर्गात, म्हणजे हा ठिपका आरशाचा सोळाशेवा भाग. असे वीस ठिपके पडले तरी प्रकाशाचा सव्वा टक्का गेला. त्याच दुर्बिणीतला ५० मिलिमीटरचा दुय्यम आरसा वाटेत उभा राहून सव्वासहा टक्के प्रकाश अडवतो, आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केली नाही! ठिपक्यांपेक्षा सगळीकडचा मंदपणा वाईट. चांगला मुलामा पडलेल्या प्रकाशापैकी ८८ टक्क्यांच्या आसपास परत देतो. दोन्ही आरशांत मिळून ७७ टक्के उरतो. दोन्ही मंदावून ७५ टक्क्यांवर आले तर उरतो ५६. ताऱ्यांच्या प्रतीत सांगायचं तर एक तृतीयांश प्रतीचा तोटा. अंधुक आकाशगंगांना तो जाणवेल, ग्रहांना नाही.

मुलामा किती उरलाय ते पाहायचं तर काळोखात आरशाच्या मागून विजेरी लावा. पुढून भोकं ताऱ्यांसारखी चमकतील, दचकू नका. नव्या आरशातही थोडी असतात. सगळा आरसाच दिव्यासारखा पारदर्शक दिसू लागला, तर मात्र मुलाम्याचे दिवस भरले.

बाईंना माझा सल्ला होता, २०२०च्या त्या मोसमात आरसा कुठेही पाठवू नका. कुरिअरचे तेव्हाचे हाल माहीत आहेत, आणि मुख्य म्हणजे मंगळ येत होता. ६ ऑक्टोबर २०२०ला तो पृथ्वीपासून सव्वासहा कोटी किलोमीटरच्याही आत होता आणि १३ ऑक्टोबरला प्रतियुती (सूर्याच्या बरोबर समोर). त्याआधीच्या खेपेला, २०१८ साली, तो याहून जवळ आला होता, पण जुलैअखेरीस! कोकणात आपण ढगांकडे बघत बसलो, आणि ज्यांना तो दिसला त्यांना मंगळावरच्या धुळीच्या वादळाने काही दिसू दिलं नाही. २०२०च्या जुलैत निओवाईज धूमकेतूही असाच ढगांमागून निघून गेला. मंगळ एवढा मोठा पुन्हा २०३५ सालाआधी दिसायचा नाही. तो इतका तेजस्वी असतो की ठिपक्यांचा आरसा त्याला सहज पुरतो. परतीचा पाऊस रेंगाळला तरी नोव्हेंबरभर तो चांगला दिसणार होता. मुलाम्यासाठी आरसा पाठवा जूनमध्ये, आकाश बंद झाल्यावर. जवळच्या आकाशनिरीक्षक मंडळाकडे विचारा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून आहे, अशा ठिकाणी आरसे दिलेले-आणलेले लोक भेटतात. डबा प्लायवुडचा करा आणि आरशाच्या तोंडाला काहीही टेकणार नाही असं पाहा.

परत बसवताना आरशाच्या बैठकीचे गंजलेले स्क्रू सरळ बदलून स्टेनलेसचे घाला. वरच्या पकडी आरशाला नुसत्या लागतील न लागतील इतक्याच आवळा. घट्ट आवळल्या तर काच किंचित वाकते आणि तारे त्रिकोणी दिसतात. फाइंडरचं, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचं, भिंगही एकदा उजेडात धरून बघा, बुरशी तिथे आधी येते.

रूळ पुढच्या रविवारी, नक्की. लोखंडी गेटाची चाकं छपराला चालतील का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. त्याचं उत्तर लांबलचक आहे, तोवर वेल्डरला ॲडव्हान्स देऊ नका.