आधीचं काम आणि अडवणारं काम

बांधकामाच्या वेळापत्रकात एकाखाली एक कामं लिहिली की वरचं पुरं झाल्याशिवाय खालचं सुरू करायचंच नाही, असं सर्रास धरलं जातं. हा समज चुकीचा आहे आणि महागातही पडतो. यादीतला क्रम लिहिणारा ठरवतो. एक काम दुसऱ्याला खरोखर अडवतं की नाही, हे साहित्य आणि जागा ठरवतात. स्लॅबचंच घ्या. साधं पोर्टलँड सिमेंट असेल आणि हवा १५ अंश सेल्सिअसखाली उतरली नसेल, तर आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार खांबांच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तासांत निघतात. स्लॅबखालच्या फळ्या ३ दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच परत लावायच्या अटीवर. टेकू मात्र साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात. म्हणजे ‘स्लॅब झाला’ हा एकच क्षण नाही. वर खांबांची आखणी सुरू झालेली असते, तेव्हा खालचं वीटकाम टेकूंमुळे खोळंबलेलं असतं. वर्क ऑर्डरवर नुसतं ‘स्लॅबनंतर’ लिहिलं, तर यातलं काहीच कळत नाही.

दुसरा समज म्हणजे माणसं वाढवली की दिवस घटतात. वीटकामात काही प्रमाणात घटतातही. पण काँक्रीटला किमान ७ दिवस, उष्ण-कोरड्या हवेत १० दिवस पाणी मारावं लागतं. तिथे बिगारी दुप्पट लावून एक दिवसही वाचत नाही. लवकर ताकद धरणारं मिश्रण वापरता येतं, हा आक्षेप रास्त आहे. पण फळ्या काढताना येणाऱ्या ताणाच्या किमान दुप्पट ताकद काँक्रीटमध्ये आलेली असावी, ही मानकाची अट तेव्हाही कायम राहते. एकच गवंडी दोन फ्लॅटवर असल्यामुळे थांबलेलं काम मात्र वेगळं. ती माणसांची टंचाई आहे, दुसरा गवंडी आणला की सुटते. या दोन्ही थांबण्यांना एकच नाव दिलं, की मुकादम नको तिथे माणसं ओततो.

‘सगळी कामं एकामागे एक जोडली की धोका नको,’ असंही सांगितलं जातं. १९५७ मध्ये ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत मांडली, तिने नेमकं उलट दाखवलं. कामांची सर्वांत लांब साखळी प्रकल्प पुरा होण्याचा दिवस ठरवते. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. खिडकीचं ग्रिल चार दिवस उशिरा आलं तर बहुधा कुणाचंच अडत नाही. त्याला उगाच प्लास्टरमागे बांधलं, तर ती सवड संपते. उलट बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग आणि पाणी साठवून घेतलेली चाचणी फरशीआधी जोडायची राहिली, तर गळती दिसल्यावर बसवलेली फरशीच फोडावी लागते. म्हणून वर्क ऑर्डर काढणाऱ्यांना एवढीच विनंती: प्रत्येक ‘यानंतर’पुढे कशासाठी थांबायचं आणि किती, हे लिहा; थांबण्याचं कारण लिहिता येत नसेल, तर ती जोडणी काढून टाका.